फोनवर मी अर्धंच सांगितलं

विजू,

तुझ्या तेराव्याला पडवीत पानावर बसले होते. शेजारच्या एका बाई भात वाढता वाढता मला म्हणाल्या, "तिची वेळ भरली होती, दुसरं काय." तोंडात घास होता म्हणून मी नुसती मान हलवली. तेव्हापासून ते वाक्य माशाच्या काट्यासारखं घशात अडकलं आहे. तुझी वेळ भरली नव्हती. तुझी वेळ घालवली गेली. सकाळी नऊपासून दुपारी तीनपर्यंत, सहा तास. आणि घालवणाऱ्यांत मी पण आहे. हे त्या पंगतीत कुणाला सांगायचं होतं? भावोजी समोर बसले होते. आयुष्यभर बोटीवर काम केलेला, कधी कुणापुढे मान खाली न घातलेला माणूस, पानातलं लिंबू नुसतं इकडून तिकडे सरकवत होता.

त्याच्या दोन दिवस आधी आरोग्य केंद्रात तुझी शोकसभा झाली. सगळे म्हणाले, विजयाताई मनमिळाऊ होत्या, कुणाला कधी दुखवलं नाही. मला उठून सांगावंसं वाटलं की हे तुम्ही भलत्याच कुणाबद्दल बोलताय. तू मनमिळाऊ नव्हतीस. कटकटी होतीस. अठरा वर्षं आपण एका उपकेंद्रात दोन नर्स म्हणून काढली, एकाच क्वार्टरच्या दोन खोल्यांत राहिलो, आणि त्यातली निदान सात-आठ वर्षं तरी मी तुझ्यावर चिडलेली होते. आता तू निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, कटकट संपली असं मी गमतीनं म्हणायचे. तू गेलीस तरी मी चिडलेलीच आहे. फरक इतकाच की आता उलट उत्तर येत नाही.

लस टोचली की आईनं पोराला घेऊन अर्धा तास बसायचं, हा नियम सगळीकडेच असतो. पाळायची मात्र तू एकटी. लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडीत चाळीस बायका, कुणाला भात लावायला जायचं, कुणाची एस.टी. चुकतेय, कुणाची सासू घरी ओरडणार. तू सगळ्यांची कार्डं मांडीखाली घेऊन बसायचीस. अर्धा तास झाल्याशिवाय कार्ड नाही. बायका मला येऊन विनवायच्या, कारण त्यांना ठाऊक होतं, मी नरम आहे. मी तुला म्हणायचे, अगो, हजार पोरांत एकाला काही होत नाही, का छळतेस यांना? तू म्हणायचीस, त्या एकाला कपाळावर शिक्का मारून देव पाठवीत नाय, म्हणून सगळ्यांना बसवायचं.

आणि तुझा तो डबा. शाळेच्या पाटीइतका पत्र्याचा डबा, त्यात जीवघेणी रिॲक्शन आली तर टोचायच्या अड्रेनलिनच्या कुप्या, बारीक सिरिंज, सुया, कापूस, आणि झाकणाच्या आतून वयाप्रमाणे डोसचा तक्ता चिकटवलेला. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला तू प्रत्येक कुपी उजेडात धरून तिची मुदत वाचायचीस. अठरा वर्षं वाचलीस. त्यातून कितीदा कुपी फोडायला लागली? एकदा.

त्या एका वेळी चूक माझी होती, हे तू नंतर कधीच बोलून दाखवलं नाहीस. त्याचाही मला राग आहे. बोलली असतीस तर भांडण होऊन संपलं तरी असतं.

खालच्या वाडीतली रेश्मा पोरीला बूस्टरसाठी घेऊन आली होती. सोळा महिन्यांची पोर, गुबगुबीत, टोचल्यावर जेमतेम रडली. रेश्माला बाराची एस.टी. पकडून माहेरी जायचं होतं. तू आत दुसऱ्या बाळाचं वजन करत होतीस. मी तुझ्या खुर्चीवरून तिचं कार्ड काढलं आणि तिच्या हातात दिलं. टोचून दहा मिनिटंही झाली नव्हती.

नशीब की त्या दिवशी एस.टी. उशिरा आली. थांब्यावरून एक बाई धावत आली, पोरगी कशीतरी करतेय म्हणून. मी पोचले तेव्हा पोर आईच्या खांद्यावर लोळागोळा झाली होती. मला वाटलं, उन्हानं चक्कर आली असेल. मी पाणी मारायला निघाले. तेवढ्यात तू डबा घेऊन आलीस. फ्रॉक वर केलास. पोटावर, पाठीवर लाल गांधी उठल्या होत्या, ओठ सुजले होते, आणि श्वास घेताना छातीत शीळ वाजत होती. तू तिच्या दंडाला बोटं लावून नाडी बघितलीस, जलद आणि दोऱ्यासारखी बारीक.

"ही चक्कर नाय," तू म्हणालीस. "चक्कर आली तर नाडी मंद होते, आडवं केलं की पोर उठतं. अंगावर गांधी येत नाहीत. हिला आडवी कर, पाय वर धर, उभी करू नको."

मी पाय धरले. तू तक्ता बघितलास. इतक्या वर्षांत तो तुला तोंडपाठ झाला होता, तरी बघितलास. औषध भरलंस आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूला टोचलंस. घड्याळात वेळ बघून ती मला मोठ्यानं सांगितलीस आणि म्हणालीस, लिही. माझ्याकडे कागद नव्हता, मी तळहातावर लिहिली. चार-पाच मिनिटं गेली असतील. मग पोर रडली. आधी बारीक, मग चांगली भोकाड पसरून. रेश्मा तिला उचलायला गेली, तू अडवलंस.

ॲम्ब्युलन्स आली तोवर पोर आईच्या बांगड्यांशी खेळत होती. रेश्माचा दीर म्हणाला, आता बरी आहे ना, घरी नेतो. तू ॲम्ब्युलन्सच्या दारात उभी राहिलीस. औषध उतरलं की हे पुन्हा उलटू शकतं, एक रात्र दवाखान्यात काढायचीच, असं तू त्याला तीन वेळा सांगितलंस. चौथ्या वेळी सांगितलं नाहीस, सरळ पोरीला उचलून आत बसलीस.

इथवर सगळं तुझ्या बाजूनं आहे. पुढचं नाही, आणि त्यावरच आपलं भांडण अर्धवट राहिलं.

लसीनंतर त्रास झाला की त्याचा अहवाल पाठवायचा असतो. तू त्याच संध्याकाळी पाठवलास. वरून फोन आले, चौकशी झाली, दोन गाड्या येऊन गेल्या. गावात बोभाटा झाला. एवढ्यानं भागलं नाही म्हणून तू स्वतः खालच्या वाडीत गेलीस आणि देवळाच्या पायरीवर बायकांना बसवून सगळं सांगितलंस. काय झालं, का होतं, किती क्वचित होतं, आणि झालं तर आपण काय करतो. मी तुला आधीच म्हटलं होतं, गप्प बस, पंधरा दिवसांत लोक विसरतील. पुढच्या लसीकरणाला त्या वाडीतून चारच पोरं आली.

त्या दुपारी मी तुला वाट्टेल ते बोलले. म्हटलं, तुला खरं बोलायची हौस आहे, तिची किंमत आता ही पोरं भरणार. गोवर काय तुझा खरेपणा बघून परत जाणार नाही. तू उरलेल्या लसी पेटीत ठेवत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "लोक घाबरतात ते अर्धं ऐकून, सुनंदा. गाडीतून पोर नेली एवढं त्यांनी बघितलं. ती बरी होऊन आली, हे मी नाय सांगितलं तर कोण सांगणार?"

मग तू घरोघर फिरलीस. रेश्माच तुझ्याबरोबर पोरीला कडेवर घेऊन फिरायची. चार महिन्यांत बहुतेक सगळे परत आले. पण दोन घरं नाही आली ती नाहीच आली. तू बहुतेक सगळ्यांकडे बोट दाखवायचीस, मी त्या दोन घरांकडे. हे भांडण आपण वर्षानुवर्षं पुरवून पुरवून खाल्लं. माझी बदली रद्द झाल्याच्या आनंदात भाट्याच्या किनाऱ्यावर भेळ खायला गेलो होतो, तिथेसुद्धा तेच.

मग तुला कुत्रा चावला.

वरच्या वाडीला पोलिओचे डोस द्यायला गेली होतीस, आणि एका ओसरीखालून कुत्रं आलं नि त्यानं उजव्या तळहाताचा लचका तोडला. मी तुला रिक्षात घालून एका मोठ्या दवाखान्यात नेलं. नाव लिहीत नाही, त्याला आता अर्थ नाही. जखम खोल होती, म्हणून लसीबरोबर सीरमही द्यायला हवं होतं. घोड्याच्या रक्तापासून केलेलं. ते त्यांनी जखमेच्या भोवती टोचलं. मी तुझी पर्स आणि चपला हातात धरून उभी होते. दहा मिनिटांनी तू तळपाय खाजवायला लागलीस. मग खोकलीस. मग म्हणालीस, "सुनंदा, माझा घसा धरतोय," आणि तो आवाज तुझा नव्हता. भांड्यातून यावा तसा घोगरा.

तिथल्या नर्सनं ॲलर्जीवरच्या अविलचं इंजेक्शन भरायला घेतलं. सगळीकडे तेच करतात. आधी अविल, मग डेक्सा, मग सलाईन, आणि माणूस निळा पडायला लागला की मग अड्रेनलिन आठवतं. तू खाटेवर स्वतःच आडवी झालीस आणि त्या घोगऱ्या आवाजात तिला म्हणालीस, "अविल मागून. आधी अड्रेनलिन. मांडीत, बाहेरच्या अंगाला. मी सिस्टर आहे, माझ्यावर विश्वास ठेव." ती डॉक्टरांकडे बघत राहिली. डॉक्टरांनी मान हलवली, तिनं टोचलं. आणि मी, बावीस वर्षं नोकरी झालेली नर्स, तुझ्या चपला छातीशी धरून रडत होते.

दहा मिनिटांत तुझा आवाज परत आला. पहिलं काय बोललीस आठवतंय? त्या नर्सला विचारलंस, वेळ लिहिलीस का.

दुसऱ्या दिवशी आपण एस.टी.नं परत निघालो. मी खिडकीत बसले होते. मी म्हटलं, विजू, शपथ घे, जन्मात पुन्हा हे घोड्याचं औषध घ्यायचं नाही. तू म्हणालीस, लागलं तर घ्यायचं. सांगून घ्यायचं, तयारी ठेवून घ्यायचं. मी म्हटलं, तू काल मरत होतीस. तू म्हणालीस, मेले नाय ना. त्यावर मी तोंड फिरवलं ते लांजा येईपर्यंत. लांज्याला तू खाली उतरून दोन कप चहा आणलास, एक माझ्या पुढ्यात धरलास, आणि विषय तिथे थांबला. संपला नाही.

माझी चूक त्या चहापासून सुरू झाली असं मला आता वाटतं. तू जे शांतपणे सांगत होतीस, ते मी ऐकून घेतलं नाही. माझ्या डोक्यात फक्त तुझा तो घोगरा आवाज राहिला. बरा झालेला आवाज राहिला नाही.

यंदाच्या काजूच्या दिवसांत, त्या सकाळी आठाच्या सुमारास तू बागेत खाली पडलेल्या बिया वेचत होतीस. पालापाचोळ्यात हात घातलास आणि बोटाला फुरसं चावलं. भावोजी सांगत होते, तू ओरडलीसुद्धा नाहीस. हाक मारून म्हणालीस, गाडी काढा, मला फुरसं डसलंय. बोट बांधू दिलं नाहीस, कापू दिलं नाहीस, वाटेत कुणी म्हणालं अमुक गावात मंत्र घालतात तर भावोजींना गाडी थांबवू दिली नाहीस. हात हलू नये म्हणून ओढणीनं गळ्यात अडकवून घेतलास. नऊ वाजता तू जवळच्या रुग्णालयात होतीस. एका माणसानं जेवढं बरोबर करायचं, तेवढं सगळं तू बरोबर केलंस. म्हणूनच माझा जीव जास्त जळतो.

तिथे एकच डॉक्टर होत्या. पस्तिशीच्या असतील. तू त्यांना सांगितलंस, काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं ठेवा. त्यांनी ठेवलं होतंच. वीस मिनिटांनी नळी कलती केली तर रक्त पाण्यासारखं वाहिलं, गोठलं नव्हतं. म्हणजे विष रक्तात उतरलं होतं, सापाच्या विषावरचं सीरम द्यायलाच हवं होतं, तेही घोड्याच्याच रक्तापासून केलेलं. ते कपाटात होतं. पुरेसं होतं. आणि मग तू, नेहमीप्रमाणे, खरं सांगितलंस. म्हणालीस, मला घोड्याच्या सीरमची रिॲक्शन आलेली आहे.

डॉक्टरांचा हात तिथे थांबला.

कुत्रा चावल्यानंतर तू एक कागद लिहून पर्समध्ये ठेवला होतास, हे मला ठाऊक होतं. पण तू बागेतून गाऊनवर निघालीस, पर्स घरी राहिली. डॉक्टर म्हणाल्या, तेव्हा काय झालं होतं ते पाहिलेलं कुणी आहे का? तू माझा नंबर दिलास. तुला दुसऱ्या कुणाचा नंबर पाठ असता तर बरं झालं असतं.

साडेनऊला फोन वाजला तेव्हा मी अंगणवाडीत होते. त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं, तुझं नाव सांगितलं, फुरशाचं सांगितलं. मग विचारलं, "यांना आधी सीरमची रिॲक्शन आली होती म्हणतात. कितपत होती?"

मी म्हटलं, "मरता मरता वाचली, मॅडम. घसा बंद झाला होता. जपून करा."

बस, एवढंच. त्यातला प्रत्येक शब्द खरा होता. आणि पुढचं, की एक इंजेक्शन दिलं आणि दहा मिनिटांत ती बोलायला लागली, हे मी सांगितलं नाही. मुद्दाम लपवलं असं नाही. मला आठवलंच नाही. मला फक्त त्या चपला आठवल्या. त्या म्हणाल्या, ठीक आहे, मग मी रिस्क घेत नाही, कोल्हापूरला पाठवते. मला वाटलं, बरं झालं, मोठ्या ठिकाणी जातेय. मी हुश्श केलं, विजू. फोन ठेवून मी हुश्श केलं.

पुढचं मला भावोजींनी सांगितलं. तू दोनदा म्हणालीस, मॅडम, अड्रेनलिन भरून ठेवा आणि सुरू करा, सावकाश द्या, मी सही करते. डॉक्टर म्हणाल्या, ताई, सहीनं काय होणार, इथे काही झालं तर मी एकटी आहे. तिसऱ्यांदा तू काही बोलली नाहीस. भावोजी म्हणाले, ती गप्प झाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

का गप्प झालीस? रेश्माच्या दिराला तीनदा सांगून झाल्यावर चौथ्यांदा न बोलता पोर उचलणारी बाई तू. घसा बंद होत असताना ऑर्डर देणारी. तू त्या कपाटातलं औषध स्वतः का नाही काढलंस? आरडाओरडा का नाही केलास? हे तुला विचारणं अन्याय आहे, मला कळतं. तू नर्स नव्हतीस तेव्हा, रोगी होतीस, बोटाची सूज मनगटापर्यंत चढली होती. तरीसुद्धा रोज विचारते. कदाचित डॉक्टरांनी तुला सांगितलं असेल की तुमच्या मैत्रीण पण तेच म्हणतात. हे मी भावोजींना विचारलेलं नाही. विचारणार नाही.

ॲम्ब्युलन्स यायला अकरा वाजले. आंबा घाटात तुला उलटी झाली, हिरड्यांतून रक्त येत होतं, डोकं दुखतंय म्हणालीस. कोल्हापूरला पोचलात तेव्हा तीन वाजून गेले होते. तिथल्या डॉक्टरांनी आधीचा इतिहास विचारला, शेजारी अड्रेनलिन भरून ठेवलं आणि सीरम सुरू केलं. बाराव्या मिनिटाला तुझ्या अंगावर गांधी उठल्या. त्यांनी सीरम थांबवलं, मांडीत इंजेक्शन दिलं, गांधी बसल्या, आणि पुन्हा सावकाश सीरम चालू केलं. भावोजी म्हणाले, पंधरा-वीस मिनिटांचा प्रकार. ज्या रिॲक्शनला घाबरून आम्ही सगळ्यांनी तुला सहा तास फिरवलं, ती वीस मिनिटांत आटोपली. पण घाटात जे डोकं दुखायला लागलं होतं, तो मेंदूतला रक्तस्राव होता. तो सीरमनं मागे फिरला नाही. तिसऱ्या दिवशी तू गेलीस.

तेराव्याच्या आदल्या दिवशी भावोजींनी तुझी पर्स माझ्याकडे दिली, कागदपत्रं बघ म्हणाले. तो कागद आतल्या कप्प्यात होता, घड्यांवर फाटायला आलेला. तुझं टपोरं अक्षर. औषधाचं नाव, तारीख, किती मिनिटांनी काय झालं, काय दिलं, किती वेळात बरं वाटलं. आणि खाली रेघ मारून, "सीरम पुन्हा लागल्यास द्यावे. अड्रेनलिन भरून जवळ ठेवावे. घाबरू नये." मी ते शेवटचं वाक्य वाचून कागद परत घडी केला. ते डॉक्टरांसाठी होतं की माझ्यासाठी, सांगता येत नाही.

चार दिवसांनी मी त्या डॉक्टरांकडे गेले. भांडायला गेले होते. एस.टी.त बसून मी काय काय बोलायचं ते पाठ केलं होतं. बाहेर ओळीत बसले, नंबर आला, आत गेले, नाव सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं. त्या म्हणाल्या, त्यांना रात्री झोप येत नाही, त्या दिवसापासून रोज तोच हिशेब करतात. मी म्हटलं, तुम्ही औषध का दिलं नाहीत? त्या म्हणाल्या, "कारण त्या माझ्या हाताखाली गेल्या असत्या तर लोकांनी मला जबाबदार धरलं असतं. वाटेत पेशंट गेला तर सापाला धरतात." इतकं सरळ बोलल्यावर पाठ केलेलं सगळं वाया गेलं. मग त्यांनी विचारलं, "सिस्टर, तुम्ही फोनवर मला पुढचं का नाही सांगितलंत? त्या किती वेळात बऱ्या झाल्या ते?"

मी म्हटलं, "सुचलं नाही."

बाहेर पेशंट खोकत होते. मग मी पर्समधून तुझा कागद काढून त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि मोबाइलवर फोटो काढून घेतला. मला त्यांची दया आली आणि त्या दयेचाही राग आला. मला एक दोषी हवा होता, विजू, आणि तिथे माझ्यासारखीच एक घाबरलेली बाई निघाली.

आता लसीकरणाला मी नव्या मुलींना सगळं सांगते. गांधी, शीळ, नाडी, मांडीत टोचणं, पाय वर, उभं करायचं नाही, बरं वाटलं तरी सोडायचं नाही. आयांनाही सांगते. त्या तुझ्यावर वैतागायच्या तशा आता माझ्यावर वैतागतात. तू जिंकलीस असं मी म्हणणार नाही. खरं सांगूनच तू गेलीस, हे मला अजून गिळता येत नाही. पण पूर्ण खरं कुणी ऐकलं असतं तर तू राहिली असतीस, हेही मला नाकारता येत नाही. या दोन गोष्टींच्या मध्ये मी उभी आहे, आणि तू असतीस तर नक्की म्हणाली असतीस, मध्ये उभी राहू नको गो, बाजूला हो, मला डबा ठेवू दे.

तुझ्याकडून मी जे शिकले त्याबद्दल कधी आभार मानले नाहीत. मैत्रिणीचे आभार मानायचे असतात हे माहीतच नव्हतं. तू माझ्या हातून सुटलेलं एक पोर परत आणलंस आणि आयुष्यभर मला ऐकवलं नाहीस. आणि तुला वाचवायची माझी पाळी आली तेव्हा मी फोनवर तीन वाक्यं बोलले.

काल दुपारी त्या डॉक्टरांचा फोन आला. मी नंबर ओळखला आणि आधी घेणारच नव्हते. म्हणाल्या, परवा एक माणूस आला होता, गवत कापताना फुरसं चावलेला. रक्त गोठत नव्हतं. त्याला लहानपणी कसलंतरी सीरम सोसलं नव्हतं, एवढंच त्याच्या बायकोला माहीत होतं. त्यांनी अड्रेनलिन भरून टेबलावर ठेवलं आणि सीरम सुरू केलं. रिॲक्शन आली. थांबवलं, टोचलं, पुन्हा सुरू केलं. आज तो माणूस घरी गेला. "तुम्हाला सांगावंसं वाटलं," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, चांगलं केलंत. खरंच चांगलं केलं त्यांनी.

फोन ठेवला आणि मला आनंद व्हायची मी वाट बघत बसले. तो माणूस कुठला, कसा, मला काही माहीत नाही. बायको आहे, एवढं कळलं. तो वाचला याचं मला वाईट वाटत नाही, देव त्याला सुखी ठेवो. पण विजू, त्याला महिनाभर आधी यायला काय झालं होतं?

तुझी,
सुनंदा